फ्रान्सिसला मिळालेली माझी नोकरी

समाजकार्याची पदवी घेऊन बाहेर पडलेली मुलं अजूनही अधूनमधून घरी येतात. चहा होतो, इकडचं तिकडचं बोलणं होतं आणि मग खरा प्रश्न निघतो. "काका, सरकारी घेऊ की खासगी?" मी जन्मभर सरकारी केली, आता पेन्शन खातोय, तेव्हा माझं उत्तर ठरलेलं असणार असं त्यांना वाटतं. मी उत्तर देत नाही. हा प्रश्न कुणी विचारला की मला फ्रान्सिस आठवतो आणि फ्रान्सिस आठवला की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. मला त्याचा हेवा वाटतो. त्याला जाऊनही बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाचा हेवा करू नये हे मला कळतं, पण कळून काही उपयोग झालेला नाही.

आम्ही दोघं एकाच वर्गात होतो. तो माहीमचा, तिथल्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतला, घरात मराठीच बोलणारा. मी नायगावच्या बीडीडी चाळीतला. समाजसेवेचं शिक्षण असतं आणि त्याची नोकरी मिळते हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. माझी आई शेजारणींना सांगायची, "आमचा सुदाम लोकांचं भलं करायला शिकतोय." त्यावर समोरच्या खोलीतल्या काकू एकदा म्हणाल्या, "त्यात काय शिकायचं? आणि पगार कोण देणार, ज्याचं भलं केलं तो?"

सगळे हसले, पण काकूंनी आमच्या धंद्याच्या वर्मावर बोट ठेवलं होतं. भलं करायचं ते एकाचं आणि पगार घ्यायचा दुसऱ्याकडून. हा दुसरा कोण, एवढंच काय ते आमच्या हातात असतं. तो सरकार असेल तर साहेबाला जपायचं, मालक असेल तर मालकाला. पुस्तकात हे लिहिलेलं नव्हतं. पहिल्या महिन्यात आपोआप समजलं.

आम्ही पास झालो तेव्हा दोन्ही दारं उघडी होती. मोठ्या कारखान्यांनी कामगारांच्या भल्यासाठी एक अधिकारी नेमलाच पाहिजे असा कायदा झाला होता, म्हणून मिलवाले माणसं शोधत होते. दुसरीकडे सरकारनं गिरणगावात कामगारांसाठी कल्याण केंद्रं काढली होती, तिथंही माणसं हवी होती. मी आणि फ्रान्सिसनं दोन्हीकडे अर्ज टाकले. लालबागच्या एका मिलमध्ये मॅनेजरनं मला विचारलं, "राहता कुठे?" मी सांगितलं. "वडील काय करतात?" मी म्हटलं, "तुमच्याच मिलमध्ये रिंग खात्यात आहेत." मॅनेजर हसून म्हणाले, "मग तुम्हांला मिल दाखवायला नको." थोड्याच दिवसांत पत्र आलं. माझी निवड झाली होती. फ्रान्सिसचं नाव माझ्या खाली होतं. मी नाही म्हटलं तरच त्याला बोलावणार होते. त्याच आठवड्यात सरकारी केंद्राचंही पत्र आलं.

आता रिंग खात्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मिलमध्ये सूत कातायचं खातं, म्हणजेच रिंग खातं, वेगळं आणि कापड विणायचं वेगळं. विणायच्या खात्याला आम्ही साचेखातं म्हणायचो, कारण मागाला गिरणगावात साचा म्हणतात. साच्यावर काम करणाऱ्याला कौशल्य लागायचं आणि पगारही चांगला मिळायचा. गावी त्याला मुलगी पटकन मिळायची. आमच्या लोकांना तिथं प्रवेश नव्हता. असा नियम कुठं लिहिलेला नव्हता. कारण होतं धोटा.

धोटा म्हणजे मागावर इकडून तिकडे धावतो तो लाकडी ठोकळा. त्याच्या पोटात सुताची कांडी बसवलेली असते. कांडी संपली की नवी बसवायची आणि तिचं सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. ते कसं काढायचे? धोटा तोंडाला लावून, भोकातून श्वास ओढून. सुर्र केलं की टोक ओठात येतं. दिवसातून कितीतरी वेळा. आणि धोटे काही कुणाच्या मालकीचे नसत. पहिल्या पाळीचा माणूस गेला की दुसऱ्या पाळीचा तेच धोटे तोंडाला लावायचा. तेव्हा ज्याचं उष्टं चालत नाही त्याला साच्यावर उभा करायचा कसा? झालं. आबांचा, माझ्या वडिलांचा, सगळा जन्म रिंग खात्यात गेला तो या एका भोकापायी. दीक्षा घेऊन आम्ही बौद्ध झालो, घरातले देव गेले, पण मिलमधला धोटा होता तिथंच होता.

माझा धाकटा भाऊ यशवंत तेव्हा रिंग खात्यात बदली कामगार होता. बदली म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम, नसेल तर घरी परत. त्याला साच्याचं वेड होतं. दुपारच्या सुट्टीत तो साचेखात्याच्या दाराशी जाऊन उभा राहायचा. विणकर कसे हात चालवतात ते बघायचा आणि घरी येऊन आईच्या लुगड्याच्या काठावर बोट फिरवत मला समजावून सांगायचा.

दोन पत्रं समोर ठेवून आम्ही बसलो. आबा म्हणाले, "मिलमध्ये तू साहेब झालास तर माझ्या वरचा जॉबर तुला सलाम करील? नाय करायचा. आणि तो राग काढील कुणावर? माझ्यावर. मालकाची नोकरी आज हाय, उद्या गेटच्या भायेर. सरकारची कुणाच्या बापाला काढता यायची नाय."

यशवंत म्हणाला, "दादा, तू मिलची घे. तू आत असलास तर कधी ना कधी मला साच्यावर घालशील. सरकारात बसून काय घालणार?"

आबांना साच्याचं काही वाटत नव्हतं असं नाही, पण ते म्हणाले, "तुझ्या साच्यासाठी याची भाकरी घालवायची नाय." मी सरकारी घेतली. आबांचं ऐकलं असं मी लोकांना सांगायचो. खरं तर मलाही कुणी काढू शकणार नाही अशी जागा हवी होती. आमच्या घरात तोवर अशी जागा कुणाला मिळालीच नव्हती.

मग मिलनं फ्रान्सिसला बोलावलं. तो माहीमहून धावत आला आणि मला मिठी मारून म्हणाला, "काय बाबा, तू तर देवमाणूस निघालास." मी तोंडदेखलं हसलो.

पोटात दुखायला लागलं ते त्याची खोली पाहिल्यावर. मिलच्या गेटजवळ त्याला स्वतंत्र खोली, टेबल, वर पंखा आणि काळा टेलिफोन. बायकांच्या मोरीतला नळ बिघडला म्हणून एक कामगार बाई तक्रार घेऊन आली, तेव्हा मी तिथंच बसलो होतो. फ्रान्सिसनं टेलिफोन उचलला, कुणाशी तरी चार शब्द बोलला आणि ठेवला. माझा चहा संपायच्या आत फिटर पाना घेऊन निघालेला मी खिडकीतून पाहिला. माझ्या केंद्रात वाचनालयाचा बल्ब गेला होता. तो येईपर्यंत लोक पेपर घेऊन व्हरांड्यातल्या उजेडाला बसत होते.

केंद्रात आम्ही काय करायचो ते सांगतो. सकाळी बायकांचा शिवणवर्ग, संध्याकाळी कॅरम, तालीम, वाचनालय, रेडिओ. वर्षातून एकदा भजनाच्या स्पर्धा आणि नाटकं. किती लोक आले याचा हिशेब वर पाठवायचा. बाकी जे काही व्हायचं ते या सगळ्याच्या फटीतून. कुणाचा नवरा दवाखान्यात, कुणाची मुलगी घरातून निघून गेलेली, कुणाचं गावच्या जमिनीचं लफडं. शेवंताबाई म्हणून एक बाई यायची. तिचा नवरा दारू पिऊन मारायचा. मी त्याला समजावायला घरी जातो म्हटलं तर म्हणाली, "समजावू नका साहेब. नुसते दारात येऊन उभे राहा. हातात कागद पायजे. कोरा असला तरी चालंल." आमच्या शिक्षणात असं काही नव्हतं. तरी मी गेलो. हातात कोरा कागद, खिशाला पेन. तिचा नवरा मला बघून उठून उभा राहिला, मी कागदाकडे एकदा आणि त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि निघून आलो. पुढं कितीतरी दिवस तो शुद्धीत होता. हे फ्रान्सिसला जमलं नसतं. मिलच्या कागदाला चाळीत कोण भितो? एवढं एक समाधान मी बरेच दिवस पुरवून खाल्लं.

मग चळवळीचे दिवस आले. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र. गिरणगाव नुसतं पेटलं होतं. चाळीचाळीतून सभा, मोर्चे, शाहिरांचे कार्यक्रम. गोळीबार झाले, माणसं गेली. आणि मी सरकारी नोकर. राजकारणात भाग घ्यायचा नाही, सभेत दिसायचं नाही, असा आम्हांला सक्त हुकूम होता. माझ्याच चाळीतले लोक माझ्याकडे सरकारचा माणूस म्हणून पाहायला लागले. कॅरम खेळणारी पोरं एक दिवस म्हणाली, "साहेब, आज केंद्र बंद ठेवा. सगळं बंद हाय." मी म्हटलं, वरून लेखी हुकूम आल्याशिवाय बंद करता येत नाही. त्यातला एक जण नुसता हसला आणि सोंगट्या पेटीत भरून निघून गेला.

त्याच दुपारी मोर्चा आमच्या रस्त्यावरून गेला. मी केंद्राच्या खिडकीत उभा होतो, एक हात गजावर. मोर्चात फ्रान्सिस होता. घोषणा देऊन देऊन त्याचा आवाज बसला होता आणि तरी तो देत होता. मिलच्या मालकाला हे आवडलं असतं असं नाही, पण मालक मोर्चात बघायला थोडाच येतो? त्याच्या शेजारी, त्याच्या खांद्यावर हात टाकून, यशवंत चालला होता. दोघांनी वर बघितलं. फ्रान्सिसनं मला हात केला. यशवंतनं केला नाही. मी खिडकी लावून आत आलो आणि रिकाम्या वाचनालयात बसून राहिलो. महाराष्ट्र मलाही हवा होता हो. त्यांच्याइतकाच हवा होता.

यशवंत आणि फ्रान्सिसची दोस्ती त्या दिवसांतली. रविवारी यशवंत माहीमला जायचा. तिथं खाडीवर गळ टाकून बसायचे दोघं. घरी आला की "फ्रान्सिस असं म्हणाला, फ्रान्सिस तसं म्हणाला" चालू व्हायचं. आईनं एकदा विचारलं, "फ्रान्सिस जेवायला काय म्हणतो?" आणि मी उगाच आईवर ओरडलो.

केंद्रात सरकारी आदेशानुसार अस्पृश्यता निवारणाचा सप्ताह व्हायचा. मी मोठ्या हौसेनं व्याख्यान ठेवलं. वक्ते चांगले बोलले, सभागृह भरलं होतं, टाळ्या झाल्या. वरच्या साहेबांनी शाबासकी दिली. रात्री जेवताना यशवंत म्हणाला, "टाळ्या वाजवणाऱ्यांत पुढच्या दोन रांगा साचेखात्यातल्या होत्या, दादा. मी मोजल्या." मी धोट्याबद्दल एक सविस्तर टिपण करून वर पाठवलं. मिलच्या आतला कारभार आपल्या कक्षेत येत नाही, असं उत्तर आलं. ते बरोबरच होतं. कक्षा बाहेरूनच जात होती.

फ्रान्सिसला धोट्याची गोष्ट माहीत नव्हती. मिलमध्ये वर्षं काढूनही माहीत नव्हती, कारण ती त्याला कोण सांगणार? आम्ही दादरला एका हॉटेलात बसलो होतो. त्यानं सहज विचारलं, "तुमची पोरं साचेखात्यात अर्जच का करत नाहीत रे? यशवंतला विचारलं तर तो दुसराच विषय काढतो." मी त्याला सगळं सांगितलं. भोक, सूत, श्वास, उष्टं. त्याची बशी हातातच राहिली. मग म्हणाला, "म्हणजे तोंड लावायचंच बंद झालं तर?" मी म्हटलं, "तर दुसरं कारण काढतील." तो म्हणाला, "काढू देत ना. हे एक तरी संपेल."

माहिती माझी आणि नाव त्याचं झालं. इथून पुढं जे झालं त्यात माझा वाटा तेवढाच.

त्यानं काय केलं, तर अस्पृश्यतेचा शब्दही काढला नाही. तो मिलच्या डॉक्टरकडे गेला. धोटा तोंडानं ओढल्यानं कापसाची धूळ छातीत जाते आणि एकाचा क्षय दुसऱ्याला होतो, असं डॉक्टरकडून लिहून घेतलं. ते खोटं नव्हतंच. साचेखात्यात छातीचे रोगी ढिगानं होते. मग मॅनेजरला सांगितलं की आजारपणाच्या रजा कमी होतील. मॅनेजरला ते पटलं. तारेची छोटी आकडी बनवून घेतली. ती भोकातून घालायची, सूत पकडायचं, ओढायचं. प्रत्येक विणकराला एक. आता धोट्याला तोंड लावायचं नाही असा हुकूम निघाला.

विणकर चिडले. त्यांचं काम उक्तं होतं. जेवढं कापड तेवढा पगार. तोंडानं क्षणात होणारं काम आकडीनं करायचं म्हणजे साचा थांबणार आणि पगार कापला जाणार. साताऱ्याकडचे तुकाराम नाना म्हणून साचेखात्यातले सगळ्यांत जुने विणकर होते. ते म्हणाले, "साहेब, आधी तुम्ही करून दाखवा." मग फ्रान्सिस बाह्या सरसावून रोज दुपारी साच्यावर उभा राहायला लागला. एका बाजूला नाना तोंडानं, दुसऱ्या बाजूला हा आकडीनं. रोज हरायचा. माणसं हसायची, टोमणे मारायची, "साहेब, जेवण झालंय का?" म्हणून विचारायची. तरी दुसऱ्या दिवशी हा हजर. हळूहळू एकेक जण "आण बघू" म्हणून आकडी हातात घ्यायला लागला. गिरणगावातल्या माणसाला हुकूम दिला तर तो मोडतो. त्याच्यासमोर हरून दाखवलं तर तो मदतीला येतो. ही गोष्ट आम्हांला शिकवलेली नव्हती आणि फ्रान्सिसला ती कुठून आली ते मला माहीत नाही. ती मला आली नाही, हे मात्र मला डाचतं.

आकड्या रुळल्यावर त्यानं साचेखात्यात शिकाऊ म्हणून रिंग खात्यातली माणसं घ्यायची यादी मॅनेजरपुढं ठेवली. त्यात आमची तीन पोरं होती. पहिलंच नाव यशवंतचं.

त्या संध्याकाळी मी त्याच्याशी भांडलो. मिलच्या गेटबाहेर, रस्त्यावर उभं राहून. मी म्हटलं, "तू आम्हांला मागच्या दारानं आत घेतलंस. क्षयाचं नाव पुढं केलंस. आमच्या तोंडाला कमी लेखतात हे तू एकदा तरी बोललास का?"

तो म्हणाला, "बोललो असतो तर आकडी निघाली असती काय?"

"निघाली नसती तर नसती. खरं बोलणं झालं असतं."

"खरं बोलायला तुझं केंद्र आहे ना, मेन. दर वर्षी सप्ताह करता." मग त्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं. हात धरून म्हणाला, "सुदाम, चिडू नको. यशवंत साच्यावर उभा राहिला पाहिजे, एवढंच धर. कसा राहिला ते नंतर बघू."

माझं म्हणणं बरोबर होतं, असं मला आजही वाटतं. पण मी ते यशवंतसाठी बोललो नव्हतो. माझ्या भावाला हवं ते त्यानं मिळवून दिलं आणि मी दिलं नाही, या रागानं मी बोललो होतो. त्याचा हातही मी झटकून टाकला.

चाळीत फ्रान्सिसचा सत्कार झाला. बुद्धजयंतीच्या कार्यक्रमातच तो ठेवला. सूत्रसंचालन अर्थात माझ्याकडे, कारण माईकवर बोलायची सवय मलाच. मी त्याची ओळख करून दिली, त्याच्याबद्दल चार चांगले शब्द बोललो आणि ते सगळे खरे होते. आबांनी त्याला हार घातला. माझ्या नोकरीचं पत्र आलं तेव्हा आबांनी मला पेढा भरवला होता, हार घातला नव्हता. घरच्याला कोण हार घालतो, हे कळत असूनही मी माईकच्या मागं उभा राहून तो हार बघत होतो. फुलं शेवंतीची होती.

पुढच्याच आठवड्यात यशवंत साच्यावर रुजू झाला. पहिल्या दिवशी तो घरातून निघाला तेव्हा आई दारापर्यंत गेली. मी केंद्रावर गेलो खरा, पण दिवसभर माझं लक्ष कशात नव्हतं. शिवणवर्गाच्या बाई काहीतरी मशीनबद्दल सांगत होत्या, मी हो हो म्हणत होतो. तिथं त्याला कुणी काही बोललं असेल का? साच्याजवळ उभं तरी राहू दिलं असेल का? दुसरं कारण काढतील असं मीच म्हणालो होतो, आणि माझं म्हणणं खरं ठरावं असं एका कोपऱ्यात मला वाटतही होतं. लाज वाटली, पण वाटायचं थांबलं नाही.

यशवंत घरी उशिरा आला. आईनं विचारलं, "कसं झालं रे?" तो म्हणाला, "बरं झालं." जेवला आणि झोपला. मी म्हटलं, "कुणी त्रास दिला नाही ना?" तर अंधारातून "नाय दादा" एवढंच आलं.

दोन-तीन दिवसांनी फ्रान्सिस केंद्रावर आला. भांडणानंतर सत्कारापुरतेच आम्ही भेटलो होतो. आला तो नेहमीसारखाच, खुर्ची ओढून समोर बसला. चेहरा नुसता फुललेला. म्हणाला, "मला दोन रात्री झोप नाही बघ. तो प्रसंग डोळ्यांसमोरून हलत नाही. तुकाराम नानांनी काय केलं!"

मी हातातलं पेन खाली ठेवलं. तो भरात होता, थांबला नाही. पहिल्या दिवशी यशवंतला नानांच्या शेजारचा साचा दिला होता. दुपारपर्यंत कसंबसं चाललं. मग एक कांडी संपली. यशवंतनं नवी बसवली, आकडी भोकात घातली, पण नीट बसेना. सूत निसटायचं. पुन्हा घातली, पुन्हा निसटलं. साचा थांबलेला, आजूबाजूची माणसं बघायला लागलेली. शेवटी त्यानं मान खाली घालून धोटा तोंडाशी नेला आणि सूत ओढून काढलं. त्याच्याकडून होऊन गेलं. सगळं साचेखातं ते बघत होतं. जिथं आमचं तोंड लागू नये म्हणून इतकी वर्षं दार बंद होतं, तिथंच त्यानं पहिल्या दिवशी तोंड लावलं. तो तसाच उभा राहिला, धोटा हातात धरून. आता गेटबाहेर जायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं म्हणे.

तुकाराम नाना आपला साचा सोडून आले. त्याच्या हातातून तो धोटा घेतला. सूत तुटलं होतं. नानांनी तोच धोटा, तेच भोक, स्वतःच्या ओठांना लावलं आणि सुर्र करून टोक बाहेर काढलं. धोटा साच्यात घातला आणि म्हणाले, "असं वढायचं असतं. आकडी साहेबाला दाखवायला ठेव." आणि आपल्या साच्याकडे गेले. सगळे साचे पुन्हा चालू झाले.

"यशवंत सुटला तो सरळ माझ्याकडे, माहीमला," फ्रान्सिस म्हणाला. "पायरीवर बसून पोर ढसाढसा रडला. मीपण रडलो. तुला तर त्यानं सांगितलंच असेल म्हणा. घरीच आहे तुझ्या."

मी टेबलावरचा पेपर सरळ केला आणि म्हटलं, "हो तर. त्याच रात्री सांगितलं."